जागतिक ज्युनिअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा आणि आपल्या वसतिगृहातील मुले



मागील अंकातील वसतिगृहाच्या जमाखर्चात ‘धावण्याचे बूट व अंडी’ अशी एक नोंद आपण पाहिली असेल. त्यावर तीन-चार मंडळ्यांतून विचारणा झाली. एका वयोवृद्ध सभासदांनी तर हसत हसत विचारले, “ताई, पोरांना शिकवायला आणलंय की पळवायला?” प्रश्न रास्त आहे. पैसा आपण कष्टाने कमावून दिलेला आहे आणि त्यातला प्रत्येक रुपया कुठे जातो हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

उत्तर एका ओळीत देता येण्यासारखे नाही. आमच्या मुलांच्या तोंडी सध्या ‘वर्ल्ड ज्युनिअर’ हा शब्द सारखा असतो. रात्री अभ्यास झाला की मोठी मुले अधीक्षकांच्या मोबाईलवर शर्यती पाहतात. ही स्पर्धा आहे तरी काय, तिथे कोण पोहोचते, आपल्या पाड्यांवरच्या मुलांचा तिच्याशी काही संबंध आहे का, आणि त्या वाटेवर धोके कोणते, हे आज मांडायचे ठरवले आहे.

ही स्पर्धा कोणाची?

धावणे, चालणे, उड्या आणि फेकी या मैदानी खेळांची जी जागतिक संघटना आहे, ती वीस वर्षांखालील मुलामुलींसाठी दर दोन वर्षांनी जागतिक स्पर्धा भरवते. पहिली स्पर्धा १९८६ साली ग्रीसची राजधानी अथेन्स येथे झाली. अनेक वर्षे तिचे नाव ‘जागतिक ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धा’ असे होते. २०१६पासून तिला अधिकृतपणे ‘वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा’ म्हणतात. मुले अजून ‘ज्युनिअर’च म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

कोविडमुळे २०२०ची स्पर्धा एक वर्ष पुढे गेली आणि ऑगस्ट २०२१मध्ये केनियातील नैरोबी येथे झाली. त्यानंतर २०२२मध्ये कोलंबियातील काली शहरात, २०२४मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे ती भरली. २०२६च्या स्पर्धेचे यजमानपद अमेरिकेतील युजीन शहराला देण्यात आले. शंभराहून अधिक देशांतील हजारावर मुलेमुली तिथे उतरतात. एका देशाचे एका वैयक्तिक प्रकारात जास्तीत जास्त दोनच खेळाडू उतरू शकतात. म्हणजे आपल्या एवढ्या मोठ्या देशातून ४०० मीटरला दोन मुली, भालाफेकीला दोन मुलगे, बस.

पूर्वी अठरा वर्षांखालील मुलांसाठीही वेगळी जागतिक स्पर्धा होती. १९९९ साली सुरू झालेली ती स्पर्धा २०१७ नंतर बंद करण्यात आली. त्यामुळे मैदानी खेळातल्या मुलांना आता जगभरच्या मुलांशी गाठ पडण्याची मोठी जागा म्हणजे ही वीस वर्षांखालील स्पर्धाच.

वय हाच पहिला नियम

या स्पर्धेत भाग घ्यायचा तर त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला खेळाडूचे वय किमान सोळा पूर्ण असावे लागते, आणि वीस पूर्ण झालेले नसावे. थोडक्यात सोळा ते एकोणीस. जन्माचे वर्ष तेवढे पाहिले जाते. जानेवारीत जन्मलेली मुलगी आणि डिसेंबरात जन्मलेली मुलगी एकाच गटात.

वाढत्या शरीराचा विचार करून काही गोष्टी हलक्या केलेल्या आहेत. मोठ्या पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो, ज्युनिअर मुलांचा ६ किलोचा. थाळी २ किलोऐवजी पावणेदोन किलोची. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत मोठ्यांचा अडथळा १०६.७ सेंटिमीटर उंच, मुलांचा ९९.१ सेंटिमीटर. मुलींची साधने मात्र मोठ्या स्त्रियांइतकीच असतात. मॅरेथॉन इथे नाहीच. चालण्याची शर्यत १०,००० मीटरची आणि तीही स्टेडियममधल्या ट्रॅकवर. मुलांकडून मोठ्यांएवढे ओझे उचलून घेऊ नये, हे शहाणपण नियमातच घातलेले आहे. आपल्याकडच्या कित्येक गावच्या स्पर्धांत बारा वर्षांच्या पोराला दहा किलोमीटर पळवतात, तेव्हा मला हे नियम आठवतात.

भारताची मुले तिथे कशी पोहोचली

भारताला या स्पर्धेत २०२४पर्यंत दोनच सुवर्णपदके मिळाली आहेत, आणि दोन्ही नावे आपल्या ओळखीची आहेत.

पहिले नीरज चोप्रा. हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या खांद्रा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी वजन फार वाढले म्हणून घरच्यांनी त्याला मैदानावर धाडले होते. जुलै २०१६मध्ये पोलंडमधील बिडगोश्च येथे त्याने ८६.४८ मीटर भाला फेकून वीस वर्षांखालील जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक होते. पण ऑलिंपिकच्या पात्रतेची मुदत काही दिवस आधीच संपलेली होती. एवढी मोठी फेक करूनही त्याला घरी बसून ऑलिंपिक पाहावे लागले. पुढची पाच वर्षे त्याने दुखापत आणि कोपराची शस्त्रक्रियाही सोसली, आणि ऑगस्ट २०२१मध्ये टोकियोत ८७.५८ मीटरच्या फेकीने सुवर्ण जिंकले. मुलांना मी हे आवर्जून सांगते. जगातला विक्रम हातात असतानाही थांबावे लागते.

दुसरी हिमा दास, आसामातील नागाव जिल्ह्यातल्या धिंग भागातील भातशेती करणाऱ्या कुटुंबातली मुलगी. आधी ती मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. १२ जुलै २०१८ रोजी फिनलंडमधील तांपेरे येथे ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत ती पुढे नव्हती. शेवटच्या सरळ पट्ट्यात तिने एकेकीला मागे टाकले आणि ५१.४६ सेकंदांत शर्यत जिंकली. जागतिक पातळीवरच्या अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत धावण्याच्या ट्रॅकवर भारतीयाने मिळवलेले ते पहिले सुवर्णपदक.

२०२१मध्ये नैरोबीत शैली सिंग हिला लांब उडीत रौप्य मिळाले. तिची उडी ६.५९ मीटर आणि पहिली आलेल्या स्वीडनच्या मुलीची ६.६०. एका सेंटिमीटरचे अंतर. झाशीच्या या मुलीला तिच्या आईने एकटीने, शिवणकाम करून वाढवले. त्याच स्पर्धेत अमित खत्री चालण्याच्या शर्यतीत दुसरा आला आणि मिश्र रिले संघाने कांस्य मिळवले. पुढच्या वर्षी कालीत मेरठ जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी रूपल चौधरी हिने तीन दिवसांत चार वेळा ४०० मीटर पळून एक रौप्य, एक कांस्य मिळवले. याच स्पर्धेत सेल्वा प्रभू याने तिहेरी उडीत रौप्य जिंकले. लिमाला आरती या मुलीने चालण्याच्या शर्यतीत कांस्य आणले.

ही नावे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. यांतली बरीच मुले मोठ्या शहरांतली नाहीत, आणि घरी फार पैसा असलेलीही नाहीत. शेत, शिवणयंत्र आणि गावची कच्ची वाट यांतून ती आली.

आदिवासी मुलांचे काय? झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील सुप्रिती कच्छप या आदिवासी मुलीने जून २०२२मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत ३,००० मीटर ९ मिनिटे ४६.१४ सेकंदांत धावून युवा गटाचा राष्ट्रीय विक्रम केला. ती तान्ही असताना तिच्या वडिलांची हत्या झाली. आईने मुलांना वाढवले. त्या वर्षीच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेची पात्रताही तिने गाठली होती. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत तर मुलांना घरचीच वाटते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई खेळांत रौप्य. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव पाड्यापाड्यावर पोहोचलेले आहे.

इटेनचे भूगोलाचे मास्तर

मिशनच्या कामाशी या स्पर्धेचा जवळचा धागा आहे तो केनियात. इटेन हे सुमारे २,४०० मीटर उंचीवरचे गाव. तिथल्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये १९७६ साली आयर्लंडहून ब्रदर कॉम ओ’कॉनेल नावाचे धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. ते स्वतः धावपटू नव्हते आणि प्रशिक्षणाचा अनुभवही त्यांना नव्हता. शाळेत धावणारी मुले होती, त्यांच्याकडे कोणी पाहायचे, म्हणून त्यांनी पाहायला सुरुवात केली. मुलांकडूनच शिकत शिकत ते शिकवू लागले. त्या शाळेतून ऑलिंपिक विजेते घडले.

ब्रदर कॉम यांची पद्धत फार साधी आहे. शाळेच्या सुट्टीत ज्युनिअर मुलामुलींची शिबिरे. दिवसाची सुरुवात अगदी हळू धावण्याने. पाऊल कसे पडते, हात कसे हलतात, पाठ सरळ आहे का, याकडे लक्ष. अभ्यास सोडायचा नाही. घाई करायची नाही. त्यांनी घडवलेल्या डेव्हिड रुडिशा या मासाई मुलाने २००६मध्ये बीजिंगला जागतिक ज्युनिअर स्पर्धेत ८०० मीटरचे सुवर्ण जिंकले. सहा वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने हेच अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. तोवर गुरू बदललेला नव्हता.

केनियाचीच एडना किप्लागट १९९६ साली सिडनीच्या ज्युनिअर स्पर्धेत ३,००० मीटरला दुसरी आली होती. मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत ती पहिली आली २०११ साली, मॅरेथॉनमध्ये. मधे पंधरा वर्षे गेली. लवकर चमकलेले मूल लवकर विझू नये यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो, हे या दोघांकडे पाहून कळते.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. २००२ साली जमैकातील किंग्स्टन येथे उसेन बोल्ट याने पंधराव्या वर्षी, आपल्याच देशाच्या प्रेक्षकांसमोर २०० मीटरचे सुवर्ण जिंकले. शर्यतीआधी तो इतका घाबरला होता की बूट उलट्या पायांत घातले गेले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येणाऱ्या आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते.

पाड्यापासून तिथपर्यंतच्या पायऱ्या

वाट अशी आहे. शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. शासकीय व अनुदानित आश्रमशाळांच्या वेगळ्या स्पर्धा आदिवासी विकास विभाग घेतो. त्या प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. याशिवाय अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या जिल्हा व राज्य स्पर्धा आहेत, त्यांचे वयोगट चौदा, सोळा, अठरा आणि वीस वर्षांखालील. या संघटनेच्या राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत ठरवून दिलेली वेळ किंवा अंतर गाठले, तरच आशियाई किंवा जागतिक ज्युनिअर संघाचे दार उघडते.

आता खरे सांगते. आमच्या वसतिगृहातील मुलांपैकी कोणी जागतिक स्पर्धेला जाईल, असे आश्वासन मी आपल्याला देऊ शकत नाही. एका प्रकारात दोन जागा, आणि देशभरची लाखो मुले. त्या आशेवर खर्च करायचा असेल तर वयोवृद्ध सभासदांचे म्हणणे बरोबर ठरेल.

पण खालच्या पायऱ्यांनाही मोल आहे. महाराष्ट्रात ठरावीक स्तरावर खेळलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीत क्रीडागुणांची सवलत मिळते. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस आणि सैन्याच्या भरतीत धावण्याची चाचणी असतेच. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे मी आणखी एक गोष्ट पाहिली. दिवाळी आणि होळीच्या सुट्टीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेलेल्या आईबापांबरोबर जी मुले निघून जातात, त्यांतली सगळीच परत येत नाहीत. सकाळी मैदानावर येणारी मुले मात्र बहुतेक परत आली. त्यांना परत यायला कारण होते.

मुलींच्या बाबतीत हे अधिक खरे आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला “पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे” असे सांगता आले, की सोयरिकीची घाई करणारे घर थोडे थांबते. अठरा वर्षांपर्यंत लग्न नको हा कायदा आम्ही सांगतोच, पण तिचे नाव छापून आलेले प्रमाणपत्र भिंतीवर असले की आजीसुद्धा आमच्या बाजूने बोलते.

जन्मतारखेचा प्रश्न

या वाटेवरची पहिली अडचण बूट किंवा मैदान नाही, जन्मतारीख आहे.

आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचा जन्म घरी होतो आणि नोंद राहून जाते. मूल पहिलीत आले की गुरुजी अंदाजाने तारीख घालतात, आणि ती बहुतेक वेळा १ जून असते. आमच्या वसतिगृहाची नोंदवही उघडली तर १ जूनला अर्ध्या वसतिगृहाचा वाढदिवस येतो. एरवी याचे हसू येते. पण ज्या खेळात वयच गट ठरवते, तिथे हा अंदाज मुलाच्या अंगाशी येतो. वय कमी लागले असेल तर इतर मुलांवर अन्याय, जास्त लागले असेल तर त्याच्यावर.

त्यात खोटे वय लावण्याचा रोग भारतीय खेळात जुना आहे. केंद्र सरकारने वयचोरीविरुद्ध २०१०मध्ये राष्ट्रीय संहिता केली. शंका आल्यास मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज घेतात. हा अंदाजच असतो, त्यातून तारीख कळत नाही. पण दोन-तीन वर्षे चोरलेली असतील तर ती बहुधा उघडी पडतात. मग बंदी येते. वर जाणाऱ्या सगळ्या पायऱ्या एकदम कोसळतात.

आमच्याच एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. शाळेच्या दाखल्यावर तिची तारीख १ जूनच होती. ती जोरात पळते, आणि सोळा वर्षांखालील गटात तिचा पहिला क्रमांक येणार असे सगळे धरून चालले होते. तिच्या आजीला विचारले तर म्हणाली, “ताई, आवणीचा जोर होता तवा झाली ही. धाकल्या म्हशीला रेडकू झालं त्याच साली.” एवढ्यावर कागद कसा होणार? शेवटी आरोग्य उपकेंद्रातल्या जुन्या नोंदवहीत परिचारिकेने लिहिलेली नोंद सापडली. महिना आजी म्हणाली तोच होता. वर्ष मात्र दाखल्यापेक्षा एक आधीचे होते. म्हणजे मुलगी एका वर्षाने मोठी.

त्याच सुमारास मैदानावरच्या एका हितचिंतकाने तिच्या वडिलांना वेगळाच सल्ला दिला होता. “दाखला आहे तसाच राहू द्या, उलट आणखी दोन वर्षे कमी करून देणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे.” वडील साधे माणूस. त्यांनी मला सरळ विचारले, “ताई, कागदानं पोरगी एका रात्रीत मोठी केली. आता कागदानंच बारकी केली तर काय बिघडलं?”

मी त्यांना नियम वाचून दाखवला नाही. एवढेच म्हटले, “दादा, तिच्यामागे दुसरी येणारी पोर कोणाची तरी आहे ना? तिचं बक्षीस आपण घ्यायचं का?” ते बराच वेळ बसून राहिले, चहा थंड झाला. मग मुलीला हाक मारून म्हणाले, “तूच सांग.” ती म्हणाली, “खरं असंल ते लावा.”

तारीख दुरुस्त झाली. ती अठरा वर्षांखालील गटात गेली आणि त्या स्पर्धेत पाचवी आली. परतीच्या एसटीत तिने कोणाशी शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानावर आली होती. आज तिचे सगळे कागद एकमेकांशी जुळतात. पासपोर्ट काढायची वेळ आलीच, तर कुठेही अडणार नाही.

शरीर सांभाळायचे ते कसे

दुसरी काळजी आरोग्याची. आदिवासी भागात सिकलसेलचे प्रमाण अधिक आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आम्ही धावण्याच्या गटात घेण्याआधी प्रत्येक मुलाची सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घेतो. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचा सराव देत नाही. जो केवळ वाहक आहे तो खेळू शकतो. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम अंगाबाहेर पळवले तर क्वचित जिवावर बेतू शकते. त्याला पाणी, सावली आणि विश्रांती लागते, आणि सराव हळूहळू वाढवावा लागतो. तो थांबला तर “आळशी आहे” म्हणून ओरडायचे नाही, हे मोठ्या मुलांनाही शिकवले आहे.

मुलींमध्ये रक्त कमी असणे हे तर रोजचेच. जमाखर्चातली अंडी त्यासाठी आहेत. त्यासोबत नाचणीची भाकरी, शेंगदाणा-गुळाची चिक्की आणि सरकारी लोहाच्या गोळ्या. शक्तीची पावडर विकणारे मैदानाच्या दाराशी उभे असतात. ती आम्ही घेत नाही आणि कोणी भेट दिली तरी परत करतो. डब्यात काय आहे हे लेबलावर खरे लिहिलेले असेलच असे नाही.

साध्या औषधानेही घात होतो. २००० साली चिलीतील सँतियागोच्या ज्युनिअर स्पर्धेत थाळीफेकीत सीमा अंतिल हिने सुवर्ण मिळवले होते. तपासणीत स्युडोएफेड्रिन सापडले आणि पदक काढून घेण्यात आले. हे द्रव्य सर्दीच्या साध्या औषधांत असते. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. दोन वर्षांनी किंग्स्टनला तिने त्याच स्पर्धेत कांस्य मिळवले आणि २०१४च्या आशियाई खेळांत सुवर्ण. पण ते पहिले पदक गेले ते गेले. म्हणून मुलांना एक सवय लावली आहे. खोकला असो की अंगदुखी, गोळी घेण्याआधी “मी स्पर्धेत पळतो” हे डॉक्टरांना सांगायचे.

आणि तिसरी काळजी सुरक्षेची. स्पर्धेसाठी मुलींना बाहेरगावी न्यायचे तर सोबत स्त्री कार्यकर्ती असलीच पाहिजे. प्रशिक्षक कितीही ओळखीचा असो, एकटी मुलगी आणि एकटा प्रशिक्षक असा सराव आमच्याकडे होत नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२चा कायदा आम्ही मुलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगतो. तक्रार कोणाकडे करायची, हे भिंतीवर लिहून ठेवले आहे.

आपण काय करू शकता

पैशाची मदत आपण करीतच आहात, त्याबद्दल आभार. पण या वेळी मी तीन वेगळ्या गोष्टी मागते.

पहिली, जन्मनोंद. कायद्याने जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. एक वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि पाड्यावरच्या माणसाला ते कार्यालय म्हणजे परदेशच. आपल्या मंडळ्यांत वकील आहेत, तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत, परिचारिका आहेत. महिन्यातून एक शनिवार आमच्याबरोबर बसून अर्ज लिहून दिलेत, तर दहा कुटुंबांचे काम होईल. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जाणार आहे. म्हणून आज पाळण्यात असलेल्या मुलांची नोंद आधी हवी. ती मुले धावोत किंवा न धावोत.

दुसरी, वापरलेले बूट. आपल्या घरात मुलांचे पाय वाढले की चांगले बूट पडून राहतात. चार ते आठ मापाचे, तळवे शाबूत असलेले बूट धुऊन पाठवावेत. फाटके पाठवू नयेत ही विनंती. मुलांना ते कळते.

तिसरी, आपला वेळ. येत्या हिवाळ्यात वसतिगृहाच्या मैदानावर मुलांच्या शर्यती ठेवणार आहोत. वेळ नोंदवायला, पाणी द्यायला, हरलेल्याच्या पाठीवर हात ठेवायला माणसे लागतात. पौलाने मंडळ्यांना लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, कारण त्याच्या वाचकांनी त्या शर्यती डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. आपणही एकदा येऊन आपल्या मुलांना धावताना पाहावे. सकाळी सात वाजता सुरुवात होईल. नाश्त्याला नाचणीची आंबील आणि उकडलेली अंडी असतील. ज्या सभासदांनी तो प्रश्न विचारला, त्यांना शिट्टी वाजवायचे काम मी आधीच देऊन ठेवले आहे.